रोखावयाचे वेग कोणाचे?

वैद्याच्या अंगी कोणते गुण असावेत, याविषयी आपल्या संहितांत विपुल विवेचन आहे आणि आपल्या परिषदांतून, चर्चासत्रांतून त्यावर निबंधही वाचले जातात. परंतु वैद्य हा केवळ चिकित्सक नसतो. त्याच्या हाताखाली पुड्या बांधणारी मुलगी असते, काढे उकळणारा मदतनीस असतो, अभ्यंग-स्वेदन करणारी परिचारिका असते. औषधनिर्माणशाळा चालविणाऱ्याकडे तर अशी पंधरा-वीस, क्वचित शंभर माणसे असतात. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा मालक वा वरिष्ठ आहे. या भूमिकेत आपले वर्तन कसे असावे, याचा विचार मात्र आपल्या व्यवसायात अभावानेच होतो.

बिबवेवाडीचेच पाहू. एकेकाळचे हे खेडे आता पुण्याच्या दक्षिणेकडील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. सातारा रस्त्यापासून अप्पर डेपोपर्यंत गृहसंस्थांच्या तळमजल्यांवर दवाखाने, पंचकर्म केंद्रे आणि औषधांची दुकाने आढळतात. बहुतेक ठिकाणी एक वैद्य आणि दोन ते पाच मदतनीस. इतक्या लहान जागेत मालकाचा स्वभाव हीच तेथील हवा असते. तो सकाळी रागावून आला की दिवसभर सर्व जण दबकून वावरतात. तो मोकळेपणाने बोलला की कामाला गती येते. मोठ्या कंपनीत वरिष्ठाच्या तऱ्हेवाईकपणापासून दूर जाण्यास दुसरा मजला असतो. आपल्याकडे एक पडदा आणि एक काउंटर असतो.

डॅनिएल गोलमन यांचे भावनिक बुद्धिमत्तेवरील पुस्तक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून उद्योगजगतात या विषयाच्या कार्यशाळांना तोटा नाही. त्या पाहून ‘हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच आहे’ असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. ग्रंथात असणे निराळे आणि दवाखान्यात असणे निराळे. प्रस्तुत लेख या दोहोंतील अंतराविषयी आहे.

एका अध्यायातील दोन याद्या

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय, नवेगान्धारणीय, आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. त्यात दोन याद्या लागोपाठ येतात. पहिली, जे वेग रोखू नयेत त्यांची : मूत्र, पुरीष, शुक्र, अपानवायू, छर्दी, क्षवथू, उद्गार, जृंभा, क्षुधा, तृष्णा, अश्रू, निद्रा आणि श्रमामुळे लागलेला श्वास, असे तेरा. दुसरी, जे वेग रोखलेच पाहिजेत त्यांची. मनाचे लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जता, मत्सर, अतिआसक्ती आणि परधनाची अभिलाषा. वाणीचे म्हणजे कठोर बोलणे, अतिबोलणे, चहाडी, असत्य आणि अवेळी बोलणे. शरीराचे म्हणजे परपीडा, चोरी, हिंसा इत्यादी.

हा अध्याय आपण रुग्णाचा इतिहास घेताना वापरतो. तो एकदा मालक म्हणून वाचून पाहावा. पहिली यादी म्हणजे आपल्या माणसांना जे रोखावयास भाग पाडता कामा नये ते, आणि दुसरी यादी म्हणजे आपण स्वतः जे रोखावयाचे ते. आपल्या अनेक दवाखान्यांत व्यवहार नेमका उलटा झालेला आहे. मदतनीस मूत्र, क्षुधा आणि अश्रू रोखून धरतात. मालक क्रोध आणि कठोर वाणी मोकळी सोडतो.

ही अतिशयोक्ती वाटत असल्यास आपल्या परिसरातील दवाखाने आठवावेत. एकच गाळा, त्यात स्वच्छतागृह नाही, किंवा आहे ते फक्त ‘डॉक्टरांसाठी’. नंबर लावणारी मुलगी सकाळी नऊ ते दुपारी दोन खुर्चीवरून उठत नाही आणि उठावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. मूत्रवेग अडविल्याने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र आणि शिरःशूल होतो असे आपण रुग्णाला समजावून सांगतो, तेव्हा ती मुलगी पडद्याबाहेर बसून ऐकत असते. क्षुधेचा वेग धरल्याने कृशता, दौर्बल्य, अंगमर्द, अरुची आणि भ्रम होतो, हेही आपण सांगतो. आणि पंचकर्माच्या परिचारिकेला दुपारचा डबा साडेतीनला उघडावा लागतो. शिरोधारेच्या टेबलापाशी तासन्‌तास उभी राहणारी स्त्री दोन रुग्णांच्या मध्ये क्षणभर टेकली, तर ‘बसायला येतेस का?’ असा प्रश्न येतो. श्रमाचा श्वास हा तेराव्या क्रमांकाचा वेग आहे, हे त्या वेळी आठवत नाही.

अश्रूंचे स्थान तर विशेष लक्षणीय आहे. अश्रुवेग रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम संभवतो असे चरकांचे प्रतिपादन आहे. ज्या शास्त्राने अश्रूंना मूत्रपुरीषांच्या पंक्तीत बसविले, त्या शास्त्राच्या उपासकाने घरी आजारपण असलेल्या मदतनीसास ‘रडगाणे नको’ असे सुनवावे, हे विसंगत आहे.

शेजारचा दाखला

बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. तेथील हमालांच्या जीवनाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते डॉ. बाबा आढाव आपल्याच शास्त्राचे पदवीधर होते, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंतही पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचा जन्म १९३० मधला. आयुर्वेदाचे शिक्षण घेऊन त्यांनी नाना पेठेत दवाखाना थाटला. आसपासच्या घाऊक बाजारात ओझी वाहणारे हमाल त्यांच्याकडे पाठीचे, गुडघ्यांचे, छातीचे दुखणे घेऊन येत. अशा रुग्णाला लेप, काढा आणि विश्रांतीचा सल्ला देऊन परत पाठविणे एवढेच कोणताही वैद्य करील. डॉ. आढावांनी दुखण्याचे निदान पाठीत न थांबविता गोणीपर्यंत नेले. पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. मजुरीचे दर, कामाची शाश्वती आणि म्हातारपणाची तरतूद हे प्रश्न तिने हाती घेतले. राज्यात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला; त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. आढाव यांच्यासारख्यांचा दीर्घ लढा होता. गोणीचे वजन माणसाला पेलेल इतकेच, म्हणजे पन्नास किलोंपर्यंत असावे, अशी मागणी हमालांच्या चळवळीने सातत्याने केली. कष्टकऱ्यांना परवडेल असे ताजे अन्न मिळावे म्हणून ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली. १९७२ पासून ‘एक गाव एक पाणवठा’ या मोहिमेसाठी ते महाराष्ट्रातील गावोगाव हिंडले. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गोणीचे वजन, भाकरी आणि पाणवठा. म्हणजे श्रमश्वास, क्षुधा आणि तृष्णा. डॉ. आढावांनी हे कार्य चरकांचा अध्याय समोर ठेवून केले असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांची प्रेरणा महात्मा फुले यांच्या विचारांची होती. परंतु वैद्याची दृष्टी कामाच्या ठिकाणी वळली म्हणजे काय दिसते, याचा याहून ठळक दाखला आपल्या शेजारी दुसरा नाही. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे असे आपण म्हणतो. काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत निदान पुष्कळदा कामाच्या रचनेतच असते, आणि आपल्या दवाखान्यापुरती ती रचना बदलण्याचा अधिकार संपूर्णपणे आपल्या हाती आहे. डॉ. आढावांना ज्यासाठी मोर्चे काढावे लागले, त्यासाठी आपल्याला केवळ एक निर्णय घ्यावा लागतो.

भीतीचा परिणाम औषधावर होतो

येथवरचे विवेचन ‘माणुसकीचा प्रश्न’ म्हणून मान्य करून बाजूला ठेवता येईल. परंतु हा प्रश्न औषधाच्या गुणवत्तेचा आणि रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका औषधनिर्माणशाळेत आवळकाठीच्या चूर्णाला आवळ्याच्या रसाच्या भावना देण्याचे काम चालू होते. एके दिवशी आणलेला रस उन्हाने आंबला. खलावर काम करणाऱ्या जुन्या कामगाराच्या ते लक्षात आले. परंतु आदल्याच आठवड्यात ‘माल वाया घालवतोस’ म्हणून मालकाने त्याला सर्वांसमक्ष वाटेल तसे बोलले होते. त्याने काही न बोलता तोच रस वापरला. नोंदवहीत सर्व भावना यथासांग झाल्याची नोंद झाली. ही हकीकत त्याने नोकरी सोडल्यावर काही वर्षांनी सांगितली. त्या मालकाची द्रव्यपरीक्षा उत्तम होती आणि कच्च्या मालात त्याने कधी काटकसर केली नाही. त्याच्या औषधात जो दोष शिरला तो त्याच्या जिभेवाटे शिरला.

अशा गोष्टी आपल्याच क्षेत्रात घडतात असे नाही. अमेरिकेतील एमी एडमंडसन या संशोधिकेने दोन रुग्णालयांच्या आठ विभागांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या रीतीने चालणाऱ्या विभागांत चुका कमी असतील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे नोंदविलेल्या चुका अधिक आढळल्या. बारकाईने पाहता असे दिसले की, जेथे वरिष्ठांची भीती नव्हती तेथे परिचारिका चुका सांगत होत्या, त्यावर चर्चा होत होती. जेथे भीती होती तेथे चुका दडविल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे ‘मानसिक सुरक्षितता’ या संकल्पनेचा पाया ठरला.

आपल्या औषधशास्त्राला हे विशेषत्वाने लागू पडते. वत्सनाभ, कुचला, जयपाल यांसारखी द्रव्ये शोधनावर अवलंबून आहेत. आणि शोधन नीट झाले की नाही हे पुष्कळदा फक्त ते करणाऱ्या हातांनाच ठाऊक असते. एका बरणीचे लेबल दुसरीवर लागले, चूर्ण गाळताना वस्त्र फाटले, काढा आटवताना तळाला लागला, हे सर्वप्रथम मदतनीसाला कळते. ते त्याने त्याच क्षणी सांगावे असे वाटत असेल, तर सांगणाऱ्याला पहिले उत्तर काय मिळते यावर सारे अवलंबून आहे. बिबवेवाडीच्या वैद्यांना बिब्ब्याचा स्वभाव निराळा सांगावयास नको. विटकरीच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केलेला बिब्बा रसायन ठरतो. अशुद्ध बिब्बा हाताळणाऱ्याच्याच अंगावर फोड आणतो. मालकाच्या अधिकाराचेही तसेच आहे.

गुरूचीही प्रतिज्ञा

‘आमच्या परंपरेत गुरूची आज्ञा शिरसावंद्य, प्रश्न विचारणे बसत नाही’ असे समर्थन कित्येकदा ऐकू येते. ते ग्रंथांना धरून नाही. चरकांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याकडून पूर्ण आज्ञाधारकपणाची अपेक्षा केली आहे हे खरे. परंतु त्याच ठिकाणी अपवादही सांगितला आहे : राजद्रोहाची, प्राण घेणारी किंवा मोठा अधर्म व अनर्थ घडविणारी आज्ञा पाळावयाची नाही. म्हणजे घातक मात्रा लिहिली गेली असता पुडी बांधणाऱ्याने थांबून विचारणे, हे परंपरेला सोडून नसून परंपरेचाच भाग आहे. त्याच अध्यायात संधाय संभाषा, म्हणजे परस्परांना न दुखविता केलेली चर्चा, ज्ञानवृद्धीचे साधन म्हणून वर्णिली आहे.

सुश्रुतांनी तर पुढची पायरी गाठली. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात शिष्याची कर्तव्ये सांगून झाल्यावर आचार्य स्वतःला बांधून घेतात. शिष्य नीट वागत असताना आपण त्याच्याशी अन्यथा वागलो, तर आपण पापाचे धनी होऊ आणि आपली विद्या निष्फळ होईल, असा त्याचा आशय आहे. विद्या निष्फळ होईल, हे शब्द गंभीर आहेत. हाताखालच्या माणसाशी केलेल्या अन्यायाचा दंड गुरूच्या चिकित्सेतील यशाला भोगावा लागेल, असे सुश्रुत मानतात. आवळ्याच्या रसाची हकीकत पाहता, ते शब्दशः खरे आहे.

‘धाक नसेल तर काम होत नाही’

या विवेचनावर एक आक्षेप निश्चित येईल आणि तो गैरलागू नाही. माणसे प्रेमाने वागविली की डोक्यावर बसतात, उशिरा येतात, उसने पैसे घेऊन निघून जातात. नवीन मुलगी शिकून तयार होते तोच दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळतात म्हणून सोडून जाते. हे अनुभव खरे आहेत.

परंतु दयाळूपणा म्हणजे ढिलाई नव्हे. वैद्यवृत्तीचे जे चार प्रकार चरकांनी सांगितले, त्यांत मैत्री आणि कारुण्य यांच्याबरोबर उपेक्षाही आहे; कोठे प्रयत्न करावयाचा आणि कोठे अलिप्त व्हावयाचे याचा विवेक त्यात आहे. वारंवार समज देऊनही जो मदतनीस नोंदी खोट्या करतो, रुग्णांशी उद्धटपणे वागतो, त्याला निरोप देणे हे निर्दयपणाचे नाही. फरक पद्धतीत आहे. शिस्त आधी सांगितलेली असते, सर्वांना सारखी असते आणि चुकीला धरून असते. धाक मालकाच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो आणि माणसाला धरून असतो. शिस्तीत माणूस काम सांभाळतो, धाकात तो मालकाची नजर सांभाळतो.

शिवाय आक्षेप घेणाऱ्याने स्वतःकडेही पाहावे. रात्री दहापर्यंत रुग्ण तपासणारा, दुपारी उभ्याउभ्या जेवणारा, सहा तासही न झोपणारा वैद्य स्वतःच अधारणीय वेग धरून बसलेला असतो. त्याच्या क्रोधाचे मूळ पुष्कळदा मदतनीसाच्या चुकीत नसून त्याच्या दिनचर्येत असते. सहायकांशी नीट वागावयाचे असेल, तर पहिला रुग्ण स्वतःला समजावे लागेल.

काय करता येईल

उपदेशाऐवजी काही करता येण्याजोग्या गोष्टी सुचवून हा लेख पुरा करतो.

१) आपल्या जागेत मदतनीसांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि बसण्याची जागा आहे का, हे या आठवड्यात पाहावे. औषधनिर्माणशाळांसाठी ही केवळ सदिच्छा नाही. २००० मध्ये अधिसूचित झालेल्या शेड्यूल टी मध्ये स्त्री-पुरुष कामगारांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, कामाला साजेसे कपडे, कपडे बदलण्याची सोय, प्रथमोपचार आणि वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. जो नियम कारखान्याला आहे, तो दवाखान्याने आपण होऊन पाळण्यास कोणाची हरकत नाही.

२) जेवणाची वेळ ठरवावी आणि त्या अर्ध्या तासात घंटा वाजली तर वैद्याने स्वतः उठून दार उघडावे.

३) चूक सांगण्यासाठी एक वही ठेवावी. जो स्वतः होऊन चूक सांगेल त्याला पहिल्यांदा ‘सांगितलेस ते बरे केलेस’ एवढेच म्हणावे, दुरुस्ती नंतर. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१८ पासून नव्याने उभी राहिली आहे. आपल्या काउंटरवरची चूक जेथे आपल्यापर्यंत पोहोचत नाही, तेथून दिल्लीपर्यंत काय पोहोचणार?

४) रागवायचेच झाले तर रुग्णांसमोर रागवू नये. अवेळी बोलणे आणि कठोर बोलणे हे दोन्ही धारणीय वेग आहेत. चारचौघांतला पाणउतारा या दोहोंचा संयोग असतो.

५) दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आवश्यक आहे, त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पंचकर्म केंद्रांनी ही माहिती भिंतीवर लावावी. कामगार विमा योजनेचे रुग्णालय बिबवेवाडीतच आहे. ज्यांची माणसे योजनेस पात्र आहेत त्यांनी त्यांची नोंदणी झाली आहे ना, याची खात्री करावी.

६) सवय एकदम सुटत नाही. ज्या अध्यायापासून आपण आरंभ केला, त्यातच अहितकर सवय एक एक चतुर्थांश कमी करीत सोडावी असा क्रम दिला आहे. मद्य आणि तंबाखू सोडविण्यासाठी आपण तो रुग्णांना सांगतो. ओरडण्याची सवयही याच पादांशिक क्रमाने सुटते. पहिल्या आठवड्यात चारपैकी एक प्रसंग गिळावा, नंतर दोन.

आपल्या चिकित्सेचे चार पाद आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या गुणांत चरकांनी उपचारांचे ज्ञान, दक्षता आणि शौच यांच्याबरोबर अनुरागही मोजला आहे. ज्ञान शिकविता येते, दक्षता अंगी बाणविता येते, शौच नियमाने आणता येते. अनुराग मात्र पगारपत्रकात लिहून मिळत नाही. आपल्या वागण्यातून तो उत्पन्न झाला तरच होतो. आणि तो नसेल, तर त्या चतुष्पादाचा एक पाय आपणच मोडलेला असतो. संघटनेच्या पुढील बैठकीत नवीन औषधांच्या चर्चेबरोबरच आपल्या सहायकांच्या जेवणाची वेळ, बसण्याची जागा आणि चुकांची वही यांवरही अर्धा तास बोलावे, आणि त्या बैठकीला प्रत्येकाने आपला एक मदतनीस सोबत आणावा, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना आणि औषधनिर्मात्यांना नम्र विनंती आहे.